आधी टाकी वाजवा

जुना कॉम्प्रेसर टेम्पोतून उतरवून कोणी आमच्या शेडपुढे ठेवला, की मी पंपाकडे बघत नाही. गेजचा काटा शून्यावर आहे ना ते बघतो, तळाची कळ उघडून उरलीसुरली हवा सोडतो आणि छोटी हातोडी घेऊन टाकीच्या पोटाखाली हात घालतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत हलके हलके ठोके. पत्रा धड असला तर पितळेच्या भांड्यासारखा खणखणतो. आतून गंजून पापुद्रे सुटले असले तर चिरलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. मालक शेजारी चुळबुळत असतो. "अहो, टाकीला काय धाड भरलीया? पंप आवाज करतोय, तेवढा बघा की."

पंप बघायचाच असतो. पण पंप बिघडला तर तो खडखडून, तापून, तेल ओकून सांगतो. टाकी काही सांगत नाही. हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि ती दोन वर्षं आठवली की अजून हातातला चहा खाली ठेवावासा वाटतो.

2003 मध्ये मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक छोटी शेड भाड्याने घेतली. काम डेंटिंग-पेंटिंगचं, जोडीला थोडं फॅब्रिकेशन. हवेशिवाय यातलं काहीच होत नाही. रंग उडवायचा तर हवा, ग्राइंडर फिरवायचा तर हवा, झाडायला हवा. नवा कॉम्प्रेसर तेव्हा माझ्या आवाक्याबाहेर होता. सांगली रस्त्यावर टायर रिमोल्डिंगचं एक दुकान बंद पडलं होतं, तिथला पाच हॉर्सपॉवरचा, दोन टप्प्यांचा, 220 लिटरच्या टाकीचा कॉम्प्रेसर मी अकरा हजारांना उचलला. वरून छान निळा रंग मारलेला. पुढे कळलं, की जुन्या यंत्रावरचा ताजा रंग हा विक्रेत्याने दिलेला कबुलीजबाबच असतो.

शेजारच्या शेडमध्ये एक निवृत्त फिटर येऊन बसायचे. फाउंड्रीत तीस वर्षं काढलेले. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही. त्यांनी पंप उघडायला मदत केली. इंटरकूलरच्या पंखांमध्ये कुंभारमाशीने मातीची घरं बांधली होती. हवा आत घेणाऱ्या फिल्टरच्या जागी बनियनचा तुकडा तारेने आवळलेला. हेड काढलं तर व्हॉल्व्हच्या पट्ट्यांवर काजळीचा असा थर, की पट्टी बसते कुठे आणि उठते कुठे तेच दिसेना. हाय प्रेशरच्या छोट्या पिस्टनची एक रिंग तुटलेली. तेल काळं, त्यावर दुधासारखी साय. म्हणजे त्यात पाणी गेलेलं.

या कामात घाई करून उपयोग नसतो हे मी त्या चार दिवसांत शिकलो. रॉकेलमध्ये भाग भिजत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशीच हात लावायचा. काजळी छिन्नीने खरवडायची नाही, पितळी ब्रशने काढायची. व्हॉल्व्हची सीट सपाट करायला मामांनी सरफेस प्लेटवर बारीक पेस्ट लावली आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवत राहिले. मी विचारलं, "सरळ मागं-पुढं का नाही?" ते म्हणाले, "सरळ घासशीला तर कडंला हात दबतोय, मधी फुगवटा ऱ्हातोय." अर्ध्या तासाने त्यांनी त्या सीटवर रॉकेलचे चार थेंब टाकले, वर पट्टी ठेवली आणि उलटी करून धरली. थेंब गळला नाही. त्या वेळी मला तो चमत्कार वाटला होता. आता माझ्याकडची पोरं ते रोज करतात.

सगळं जोडून कॉम्प्रेसर सुरू केला. काटा भराभर सात किलोवर गेला. (आमच्याकडे दाब किलोत किंवा पौंडात बोलतात, सात किलो म्हणजे साधारण शंभर पौंड.) मी पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी हेडला हात लावायची सोय राहिली नाही. तिसऱ्या आठवड्यात व्हॉल्व्हवर पुन्हा काजळी.

हवा दाबली की तापते, हे सायकलचा पंप मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. किती तापते ते मात्र कुणी सांगत नाही. एकाच दमात सात किलोपर्यंत दाबली तर हिशेबाने ती अडीचशे अंशांच्या वर जाते. म्हणून मोठ्या सिलिंडरमध्ये थोडी दाबायची, मधल्या पंखांच्या नळीत गार करायची आणि मग छोट्या सिलिंडरमध्ये उरलेली दाबायची. मधे नीट गार झाली तर शेवटचं तापमान दीडशेच्या आत राहतं. या सगळ्या गार करण्याची मदार फ्लायव्हीलवर असते. त्याच्या आऱ्या नुसत्या आऱ्या नसतात, पंख्याची पाती असतात.

मी वंगण बदललं. फिल्टर बदलला. मग एका संध्याकाळी मामा बिडी ओढत मशीनजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "धूर कुठं चाललाय बघ." धूर सिलिंडरकडे जायचा सोडून आमच्या तोंडावर येत होता. फ्लायव्हील उलटं फिरत होतं. पिस्टनला काय, कसंही फिरवा, तो वर-खाली होणारच. हवा भरत होती म्हणून मला संशयच आला नव्हता. फ्लायव्हीलवर बाण होता, तो त्या सुंदर निळ्या रंगाखाली गेला होता. तीन फेजमधल्या दोन तारांची अदलाबदल केली, पाच मिनिटांचं काम. आजही मी नवीन जोडणी झाली की अगरबत्ती लावतो. गिऱ्हाइकाला वाटतं पूजा करतोय, आणि मी तसं वाटू देतो.

दुसरी चूक हावरेपणाची. काम वाढलं, हवा पुरेना. मोटर मिनिटाला 1440 फेरे फिरते. मोटरची पुली आठ इंची, फ्लायव्हील सोळा इंची, म्हणजे पंप 720 फेरे. मी हिशेब केला, पुली दहाची टाकली तर 900 होतील, पंचवीस टक्के हवा फुकट. फुकट काही नव्हतं. सात-साडेसात अँपियर घेणारी मोटर नऊच्या वर घेऊ लागली, ओव्हरलोड रिले पडायला लागला, आणि मी काय केलं असेल? रिलेचा काटा पुढे सरकवून ठेवला. एका दुपारी जळक्या वार्निशचा वास आला. मोटर रिवाइंडिंगला गेली, तिच्याबरोबर महिन्याची कमाई. रिवाइंडिंगवाल्याने एकच प्रश्न विचारला, "रिले कितीवर होता?" मी खोटं बोललो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढचं काही विचारलं नाही.

असं सगळं माझं लक्ष फिरणाऱ्या भागांवर. पंप, मोटर, पट्टा, पुली. टाकी आपली खाली गप्प उभी. हिवाळ्यात ती उबदार असायची, म्हणून कामावरची दोन पोरं तिच्यावर बसून डबा खायची. मीही बसलो आहे.

2005 च्या पावसाळ्यात टाकीच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. सुईसारखीच बारीक शीळ. मी टाकी सोडवली, रिक्षाटेम्पोत घातली आणि शिरोलीच्या एका फॅब्रिकेटरकडे नेली. एक टाका मारून द्या म्हटलं. त्याने चष्मा कपाळावर घेतला, बोटाने तळ चाचपला. "वेल्डिंगबिल्डिंग न्हाई मारणार मी याला. भंगारात घाला."

मला राग आला. पन्नास रुपयांच्या कामाला हा माणूस टाकी विकायला निघालाय असं वाटलं. मी हुज्जत घातली तेव्हा तो म्हणाला, "चला, तुमच्यासमोर दाखवतो." टाकीची सगळी भोकं प्लगने बंद केली, सुईच्या भोकावर रबर लावून क्लॅम्प आवळला, आणि वरून पाणी भरलं. काठोकाठ, हवेचा बुडबुडासुद्धा राहू न देता. मग हातपंप जोडला. सात किलोवर चालवायची टाकी दीडपटीला, म्हणजे साडेदहाला तपासायची असते. काटा आठवर आला आणि टाकीला घाम फुटला. एका जागी नव्हे, तळाच्या पट्ट्यात तीन-चार जागी. त्याने पंप थांबवला. जाडी मोजायच्या मीटरने वर मोजलं तर पाच मिलिमीटर, तळाला दोनच्या आसपास. "एक भोक बुजवलं तर त्याच्या शेजारी फुटणार. वेल्डिंगच्या उष्णतेनं हा पत्रा आणखीच मेला असता."

पाणी का, हवा का नाही, हे मी त्यालाच विचारलं. पाणी दबत नाही. टाकी फाटली तरी थोडं पाणी उडतं आणि दाब संपतो. हवा दबून बसलेली असते. फट मिळाली की ती पसरत राहते, आणि पसरताना पत्रा, पंप, माणूस, जे समोर येईल ते घेऊन जाते. त्याने खडूने फरशीवर हिशेब मांडला. टाकीचा व्यास पन्नास सेंटिमीटर, सात किलो दाब. म्हणजे एका बाजूच्या झाकणावर जवळजवळ चौदा टन. भरलेला ट्रक. मी घरी आलो तेव्हा बायकोला काही सांगितलं नाही. डोळ्यांपुढे डबा खाणारी पोरं होती.

सुटी टाकी समोर होती तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी नुसता प्लग. दोन वर्षं मी तो निळा रंगवलेला षट्कोन रोज बघत होतो आणि मला तो सेफ्टी व्हॉल्व्हच वाटत होता. कधीतरी तो व्हॉल्व्ह गळत असणार, आणि कोणीतरी गळती थांबवायचा सगळ्यात स्वस्त उपाय केला असणार. मोटर बंद करणारा प्रेशर स्विच एकदा चिकटला असता, तर थांबवायला दुसरं काहीच नव्हतं. तेव्हाच्या कारखाना कायद्याचं कलम 31 दाबाच्या यंत्रांसाठीच होतं, सक्षम व्यक्तीकडून ठरावीक मुदतीने तपासणी करून घ्यावी लागे. पण ते कारखान्याला. चार माणसांच्या माझ्या शेडला कारखाना म्हणत नव्हते, त्यामुळे दार वाजवायला कोणी येणार नव्हतं. आपलं आपणच वाजवायचं.

टाकी गंजली कशी याचं उत्तर फार साधं निघालं. तळाची पाणी काढायची कळ टाकीच्या अगदी मधोमध, खाली. ती उघडायला गुडघ्यावर बसून, वाकून, हात काळे करून आत घालावा लागे. म्हणून आधीच्या मालकाने ती उघडली नाही, मीही नाही, पोरांनी तर नाहीच. शेवटी गाळाने ती बुजून गेली. आता मी कुठलाही कॉम्प्रेसर बसवताना त्या भोकाला एल्बो लावून अर्ध्या इंचाची नळी पुढे आणतो, तिला बॉल व्हॉल्व्ह बसवतो, कंबरेच्या खाली पण वाकायला लागणार नाही एवढ्या उंचीवर. थोडक्या पैशांचं काम. शेड बंद करताना पोरगं चालता चालता तो उघडतं. माणसाच्या शिस्तीवर माझा विश्वास नाही, त्याच्या आळसाला धरून नळी बसवावी.

आणि पाणी किती निघतं? कोल्हापूरच्या जुलैत हवा ओलीचिंब असते. पाच हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर दिवसभरात सव्वाशे घनमीटर हवा ओढतो असं धरलं, तर दोन लिटरच्या आसपास पाणी टाकीत नाहीतर नळीत जमतं. पहिल्या पावसाळ्यात मला हे माहीत नव्हतं. एका जीपचं बॉनेट रंगवलं, आरशासारखं दिसत होतं. आठ दिवसांनी मालक परत आला. रंगावर देवी आल्यासारखे फोड. मी ते बॉनेट स्वखर्चाने दोनदा रंगवलं, कारण दुसऱ्यांदा रंगवतानाही पाणी त्याच नळीतून येत होतं.

नळीचं प्रकरण असं. शेतात उसाला पाणी द्यायला वापरतात ती पीव्हीसी पाइप मी भिंतीवरून फिरवली होती. स्वस्त, हलकी, चिकटवली की झालं. मेच्या उन्हात पत्र्याची शेड भट्टी होते. एका दुपारी कोपऱ्यातला एल्बो बार उडाल्यासारखा फुटला. सगळे जेवायला बाहेर होते. परत येऊन बघतो तर समोरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात प्लॅस्टिकचा तुकडा सुऱ्यासारखा रुतलेला. पीव्हीसी पाण्याला ठीक. हवेला नाही, कितीही जाड असली तरी नाही. त्या वेळी मी जीआय पाइप टाकली. शंभर फुटांना एक फूट असा उतार, कॉम्प्रेसरपासून दूर जाणारा. प्रत्येक जोडणी मुख्य पाइपच्या वरून काढून हंसाच्या मानेसारखी खाली वळवलेली, म्हणजे तळाने वाहणारं पाणी रंगाच्या गनकडे जात नाही. उताराच्या शेवटी एक उभा तुकडा, त्याला कळ. वेगळा ड्रायर नसतानाही फोड थांबले. कॉम्प्रेसरला हवा बाहेरून, पत्र्याच्या पलीकडून दिली. आत रंगाची, थिनरची हवा ओढून तीच दाबणं हा शुद्ध वेडेपणा होता, पण सगळे तसंच करतात म्हणून मीही केलं होतं.

पुढे रंगकाम कमी होत गेलं आणि जुने कॉम्प्रेसर दुरुस्त करून बसवून देणं हेच माझं मुख्य काम झालं. ते ठरवून झालं नाही. माझ्या चुका ऐकून लोक येऊ लागले. पंक्चरवाले, सर्व्हिसिंगवाले, छोटे फाउंड्रीवाले.

एका पंक्चरवाल्याची मोटर एका वर्षात तीनदा जळली होती. दोन रिवाइंडरांना शिव्या घालून तो माझ्याकडे आला. मी नुसता दुकानात जाऊन बसलो. कॉम्प्रेसर सात किलोवर बंद झाला, फुस्स झालं, ठीक. पण ते फुस्स थांबेचना. बारीक, सतत, सापाच्या फुत्कारासारखं. बंद होताना प्रेशर स्विचमधली छोटी कळ हेडमध्ये अडकलेली हवा सोडते, म्हणजे पुढच्या वेळी मोटर मोकळ्या पंपाने सुरू होते. ती हवा क्षणात संपायला हवी. संपत नाही याचा अर्थ टाकीतली हवा मागे येतेय. म्हणजे टाकीच्या तोंडावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धरत नाही. त्याची चकती काजळीने खाल्ली होती. पण मग मोटर का जळायची? कारण त्या गड्याने फुस्स ऐकून कंटाळून त्या छोट्या कळीची नळी चिमटून बंद केली होती! आवाज थांबला आणि मोटर दर खेपेला भरलेल्या दाबाविरुद्ध उठायला लागली. चकती पन्नास-साठ रुपयांची. मी त्याला हसलो नाही. प्लगचा तो निळा षट्कोन माझ्या टेबलावर कागद दाबायला ठेवलेला आहे.

लोक विचारतात, कोणतं तेल घालू. कॉम्प्रेसरचंच घाला. इंजिनचं उरलेलं तेल घातलं तर काजळी लवकर धरते. मी ते करून बघितलंय. आणि गळतीकडे कोणी बघत नाही याचं मला फार वाईट वाटतं. दीड मिलिमीटरच्या भोकातून सात किलोला मिनिटाला सहा घनफूट हवा जाते, म्हणजे पाच हॉर्सपॉवरच्या यंत्राची जवळजवळ निम्मी कमाई. दिवसा ग्राइंडरच्या आवाजात ती ऐकू येत नाही. सुट्टीच्या दिवशी एकट्याने शेडमध्ये जाऊन टाकी भरायची, सगळं बंद करायचं आणि कान देऊन फिरायचं. मग साबणाचं पाणी. मला हे काम आवडतं. रविवारी सकाळी घरात कोणाला मी नको असतोच.

कोणी जुना कॉम्प्रेसर घ्यायचा म्हणालं तर मी नको म्हणत नाही. जुन्या बिडाच्या पंपात जीव असतो, रिंगा, पट्ट्या, गॅसकेट अजून मिळतात, चार दिवस घालवले तर तो आणखी वीस वर्षं चालतो. टाकी मात्र नवी घ्या, कसोटीच्या दाखल्यासह घ्या. सेफ्टी व्हॉल्व्ह नवा घ्या आणि महिन्यातून एकदा त्याची कडी ओढून बघा. जुनी टाकी ठेवायचीच असेल तर आधी पाण्याने तपासून आणा, मग मला बोलवा. यात मी भाव करत नाही, त्यामुळे काही गिऱ्हाइकं परत जातात.

माझा तो पहिला पंप अजून चालतोय, आठ इंची पुलीवर, नव्या टाकीवर. टाकी बदलली त्या दिवशी मामांनी घड्याळ लावून बघितलं होतं; शून्य ते सात किलो, 4 मिनिटं 10 सेकंद. ते ऑइलपेंटने भिंतीवर लिहिलं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला टाकी रिकामी करून वेळ लावतो आणि खाली खडूने लिहितो. मामा आता नाहीत. या महिन्यात 4 मिनिटं 35 सेकंद आली. पट्टे ताठ आहेत, फिल्टर नवा आहे, गळती नाही. छोट्या पिस्टनच्या रिंगा मागवल्या आहेत.